काट्यावरचे फोटो अधूनमधून गायब होतात, कॅमेऱ्याचं फर्मवेअर बदलू का?

प्रश्न थोडक्यात असा: लातूरच्या एमआयडीसीत डाळमिल आहे. गेटजवळ वजनकाटा, त्यावर चार नेटवर्क कॅमेरे. एक पुढच्या नंबर प्लेटवर, एक मागच्या, एक वरून मालावर आणि चौथा काट्याच्या खोलीत. गाडी चढली, वजन स्थिर झालं की काट्याचं सॉफ्टवेअर चारही कॅमेऱ्यांकडून एकेक फोटो मागवतं आणि काटापट्टीवर छापतं. दहातल्या एखाद्या पट्टीवर फोटो कोरा येतो, कधी वरचा अर्धा फोटो आणि खाली नुसता राखाडी पट्टा. दोनदा तर आधीच्या गाडीचा फोटो नव्या गाडीच्या पट्टीवर छापला गेला. संध्याकाळनंतर हा त्रास जास्त. कॅमेरे बसवणारा मुलगा म्हणतो, फर्मवेअर बदलून टाकू, नेटवर फाईल आहे.

दादा, त्या पोराला आधी थांबवा. सतरा-अठरा वर्षं मी लातूर, उदगीर, नांदेड, जालना या पट्ट्यात हेच काम करतो. डाळमिल, जिनिंग, आडत दुकानं, जालन्याकडच्या रोलिंग मिल. अधूनमधून फोटो न येण्याच्या जेवढ्या तक्रारी मी पाहिल्या, त्यांतल्या फार थोड्यांचं मूळ फर्मवेअरमध्ये निघालं. आणि फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या चिपमध्ये बसवलेलं मूळ सॉफ्टवेअर, ही अशी चीज आहे की एकदा चुकलं तर मागं फिरायला वाट अरुंद असते.

आधी हे लक्षात घ्या. मोबाईलवर दिसतं ते लाईव्ह आणि पट्टीवर येतो तो फोटो, ही कॅमेऱ्याच्या लेखी दोन वेगळी कामं आहेत. व्हिडिओ एच.२६४ किंवा एच.२६५ या दाबून लहान करायच्या पद्धतीत अखंड वाहत असतो आणि चिपला त्याची सवय असते. फोटो मात्र बहुतेक कॅमेऱ्यांत मागणी आली की वेगळा जेपेग करून द्यावा लागतो. त्याच वेळी एनव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, व्हिडिओ खेचतोय, मालकांच्या मोबाईलवर एक लाईव्ह, मुनीमजींच्या मोबाईलवर दुसरं, तर फोटोची मागणी रांगेत थांबते. म्हणून ‘लाईव्ह तर झकास दिसायलंय, मग फोटोच कामून येईना?’ हा सवाल मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो.

तुमच्या तिन्ही तक्रारींत सगळ्यांत घातक तिसरी आहे, जुना फोटो नव्या पट्टीवर येण्याची. कोरा फोटो आला तर निदान कळतं की आला नाही. जुना फोटो आला तर कुणाला पत्ताच लागत नाही, आणि उद्या वजनावरून आडत्याशी किंवा गाडीवाल्याशी वाद झाला तर तुमचाच कागद तुमच्यावर उलटतो. यात कॅमेऱ्याचा दोष बहुधा नसतोच. काट्याची बरीच सॉफ्टवेअरं फोटो एकाच ठरलेल्या नावानं साठवतात, समजा ‘कॅम१’. नवा फोटो आला की जुन्यावर लिहिला जातो. नवा आलाच नाही तर जुना तसाच पडून राहतो आणि छापणारा भाग मुकाट्यानं तोच उचलतो. सॉफ्टवेअरवाल्याला सांगा की मागणी करण्याआधी जुनी फाईल पुसायची, फाईलच्या नावात पट्टी नंबर घालायचा, आणि फोटो आला नाही तर पट्टीवर ‘फोटो उपलब्ध नाही’ असं स्पष्ट छापायचं. हे काम आजच करून घ्या, बाकीचं नंतर झालं तरी चालेल.

आता कोरे आणि अर्धवट फोटो. इथं अंदाजानं काही करू नका, मोजा. काट्याच्याच कॉम्प्युटरवरून एक साधी स्क्रिप्ट लावा. कर्ल नावाचं फुकट साधन विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत आत असतंच. दर दोन सेकंदांनी एका कॅमेऱ्याला फोटो मागायचा आणि प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहून ठेवायच्या: घड्याळाची वेळ, उत्तराचा कोड, किती सेकंद लागले आणि फाईल किती केबीची आली. अर्ध्या तासात नऊशे नोंदी होतात. एकदा दुपारी करा, एकदा दिवेलागणीला.

कागद बघितल्यावर रोग बराचसा आपोआप बोलतो. सगळे फोटो साडेतीनशे-चारशे केबीचे आणि मध्येच एखादा साठ केबीचा, तर तो वाटेत तुटलाय. जेपेग फाईलचे पहिले दोन बाईट एफएफ-डी८ असतात आणि शेवटचे दोन एफएफ-डी९. शेवटचे ते दोन नसतील तर फाईल पूर्ण आलीच नाही, खालचा राखाडी पट्टा त्याचाच. सॉफ्टवेअरवाला जाणता असेल तर छापण्याआधी हे दोन बाईट तपासायला त्याला दोन ओळी पुरतात. सलग तीस-चाळीस सेकंद उत्तरच नाही आणि मग सगळं सुरळीत, तर कॅमेरा बंद पडून पुन्हा चालू झालाय. उत्तर येतं पण कधी पाव सेकंदात, कधी सहा सेकंदांत, तर कॅमेऱ्यावर बोजा जास्त आहे.

कोड ४०१, म्हणजे ‘आधी लॉगिन करा’, दिसला की लोक घाबरतात. डायजेस्ट पद्धतीच्या लॉगिनमध्ये पहिलं उत्तर ४०१ च येतं. त्यात कॅमेरा एक आकडा देतो, तो वापरून कॉम्प्युटर पुन्हा विचारतो आणि मग २००, म्हणजे ‘ठीक’, येतो. शेवटचं उत्तरच ४०१ असेल, तरच भानगड.

तुम्ही ‘संध्याकाळनंतर’ लिहिलंय तिथंच माझा हात थांबला. अंधार पडला की कॅमेऱ्याच्या आत कट्ट असा बारीक आवाज होतो. आयआर म्हणजे इन्फ्रारेड उजेड अडवणारा फिल्टर बाजूला सरकतो आणि इन्फ्रारेडचे एलईडी पेटतात. त्या क्षणी कॅमेऱ्याची विजेची भूक दुप्पटही होऊ शकते. मागच्या हंगामात रेणापूर रस्त्यावरच्या एका काट्यावर मी शिडी लावून कॅमेऱ्याच्या पिनवरच मीटर धरलं होतं. खोलीत अडॅप्टरच्या तोंडाशी पूर्ण १२ व्होल्ट. चाळीस मीटर बारीक वायरच्या दुसऱ्या टोकाला उजेडात ११.१. कट्ट झालं आणि आकडा ९.८ वर उतरला. कॅमेरा मेला नाही. तो डुलक्या घेत चालू राहिला, लाईव्ह दिसत राहिलं, आणि फोटो मागितला की जोर लागून रीबूट. मालकानं त्याआधी दोन कॅमेरे बदलले होते. वायर बदलल्यावर तोच जुना कॅमेरा अजून चालतोय.

बाजारात स्वस्तात मिळणारी बरीच वायर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, तिचा विरोध शुद्ध तांब्याच्या वायरपेक्षा जास्त. चाकूनं टोक खरवडा. आत पांढरी चमक दिसली की समजा. पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज, असेल तर हिशोब वेगळा. साध्या ८०२.३एएफ पोर्टमधून १५.४ वॅट निघतात आणि कॅमेऱ्यापाशी १२.९५ पोचतील असं धरलेलं असतं, ते नीट तांब्याच्या केबलवर आणि १०० मीटरच्या आत. आठ पोर्टचा स्विच असला तरी त्याच्या अडॅप्टरची ताकद सगळ्या पोर्टना मिळून मोजायची असते. आठही कॅमेऱ्यांचे आयआर एकदम पेटले की शेवटचे एक-दोन पोर्ट उपाशी राहतात. गेट ते ऑफिस अंतर १०० मीटरच्या पुढं असेल तर मध्ये जोड मारून कॅट-६ ही तांब्याची केबल ओढू नका, फायबर टाका. आपल्याकडं मृगाच्या आधी विजा कशा पडतात ते तुम्हाला सांगायला नको. फायबरमधून निदान तो झटका ऑफिसच्या स्विचपर्यंत येत नाही.

डाळमिलमध्ये भुसा आणि धूळ असते, तेव्हा कॅमेऱ्यामागचा नेटवर्क केबलचा आरजे-४५ जोडही उघडून बघा. पाणी शिरलं असेल तर सोनेरी पिना हिरव्या पडलेल्या दिसतात. तो जोड पुसत बसायचं नाही, कापायचा आणि नवा क्रिंप करायचा.

वीज आणि वायर ठीक निघाली तर मग लॉगिन आणि वेळ. पासवर्डात ‘@’ किंवा ‘#’ असेल आणि सॉफ्टवेअर तो यूआरएलमध्ये जसाच्या तसा घालत असेल तर पत्ता मध्येच तुटतो. काट्याच्या कॅमेऱ्यासाठी मी नेहमी वेगळा यूजर करतो, फक्त बघण्याच्या परवानगीचा, अक्षरं-आकड्यांचा लांब पासवर्ड. दुसरी खोड अशी की कॅमेऱ्याचा पासवर्ड कुणीतरी बदलला, पण त्याच कॉम्प्युटरवर पडून असलेल्या जुन्या व्ह्यूअरमध्ये जुनाच राहिला. तो बिचारा मागं बसून चुकीचा पासवर्ड देत राहतो. ठरावीक चुका झाल्या की बरेच कॅमेरे त्या आयपीला अर्धा तास कुलूप लावतात, आणि त्याच आयपीवरून येणारी काट्याची मागणीही बाहेर उभी राहते. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खिंडी दिसल्या तर हेच शोधा.

वेळेचं तर विचारूच नका. ऑनव्हिफ, म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांना समजणाऱ्या सामाईक पद्धतीनं, फोटो मागत असाल तर लॉगिनच्या पाकिटात वेळही जाते. कॅमेरा आणि कॉम्प्युटर यांच्या घड्याळात फार अंतर पडलं की पासवर्ड बरोबर असूनही कॅमेरा नाही म्हणतो. लाईट गेली, कॅमेऱ्याचं घड्याळ १९७० मध्ये जाऊन बसलं, इंटरनेट बंद म्हणून वेळ मिळाली नाही, की झालं. उपाय म्हणून कॉम्प्युटरलाच एनटीपी, म्हणजे वेळ वाटणारा, सर्व्हर करा आणि सगळ्या कॅमेऱ्यांना त्याचा पत्ता द्या. आणि त्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा सेल आधी बदला. चाळीस-पन्नास रुपयांचा सेल मेल्यामुळं काटापट्टीवर चुकीचं साल छापलेलं मी पाहिलंय.

कॅमेऱ्यांना आयपी स्थिर द्या, राऊटर ज्या टप्प्यातून मोबाईलना आयपी वाटतो त्याच्या बाहेरचा. नाहीतर एखाद्या ड्रायव्हरचा मोबाईल वायफायला लागला आणि नेमका तुमच्या मागच्या कॅमेऱ्याचा नंबर घेऊन बसला, असं होतं.

बोजा जास्त निघाला तर सॉफ्टवेअरनं मागायची रीत बदलायची. चारही कॅमेऱ्यांना एका सुरात मागण्यापेक्षा एकामागून एक मागा. प्रत्येकाला मुदत पाच सेकंद, नाही आला तर एक सेकंद थांबून पुन्हा, असे तीन प्रयत्न. गाडी काट्यावर उभीच असते, थोडं पुढं-मागं झाल्यानं काही बिघडत नाही. फोटो एनव्हीआरकडून न मागता थेट कॅमेऱ्याकडून मागा. काही एनव्हीआर फोटो लहान आकाराचा देतात, त्यात प्लेटचे आकडे फुटतात. एनव्हीआरच्या पाठीवरच्या पीओई पोर्टला कॅमेरे लावले असतील तर मात्र ते त्याच्या आतल्या वेगळ्या नेटवर्कात असतात, तुमच्या कॉम्प्युटरला दिसणारच नाहीत. तेवढे चार काढून साध्या पीओई स्विचवर आणा.

काहीजण फोटोच्या मागणीचा नाद सोडून आरटीएसपीच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या लाईव्ह, व्हिडिओतूनच एक चित्र उचलतात. चालतं, पण त्यात पूर्ण चित्र म्हणजे आय-फ्रेम येईपर्यंत थांबावं लागतं. सेकंदाला २५ चित्रं आणि आय-फ्रेमचं अंतर ५० असेल तर दोन सेकंद. ‘स्मार्ट’ किंवा ‘प्लस’ नावाचं कॉम्प्रेशन चालू असेल तर ते अंतर कॅमेरा स्वतःच लांबवतो, मग थांबा किती याचा भरवसा नाही. ते बंद करा. आणि वाहतूक टीसीपीवर ठेवा, त्यात हरवलेलं पाकीट पुन्हा मागवलं जातं. यूडीपीत एखादं पाकीट हरवलं की चित्राला शेंबूड आल्यासारखं होतं.

प्लेट पांढरी फटक दिसत असेल तर तो आयआरचा उजेड परावर्तित होऊन येतोय. एक्सपोजर कमी करा, नाहीतर कॅमेऱ्याचा आयआर बंद करून बाजूनं साधा एलईडी फ्लड लावा. त्यात फर्मवेअरचा काही संबंध नाही.

आता फर्मवेअर. बदलायचंच नाही असं माझं म्हणणं नाही, पण ‘फर्मवेअर बदलू’ या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

पहिली, त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं नवं व्हर्जन. हे करावं, आणि सुरक्षेसाठी तर करावंच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्यानं बनवणाऱ्या कंपनीनं घालून दिलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर लाखांनी ताब्यात घेतले होते. २०१७ मध्ये हिकव्हिजन या चिनी कॅमेरा कंपनीच्या काही मॉडेलांतली अशी त्रुटी उघड झाली की पासवर्ड न देताही कॅमेऱ्यातून स्नॅपशॉट काढता येत होता. २०२१ मध्ये त्याच कंपनीच्या अनेक मॉडेलांत त्याहून गंभीर त्रुटी सापडली, बाहेरचा माणूस लॉगिन न करता कॅमेऱ्यावर आज्ञा चालवू शकत होता. कंपनीनं दोन्हींची दुरुस्ती नव्या फर्मवेअरमधूनच दिली. तुमच्या राऊटरमध्ये कॅमेऱ्यांपर्यंत इंटरनेटवरून यायचे पोर्ट उघडे ठेवले असतील तर ते आजच बंद करा.

फक्त लेबलवरचं मॉडेल जुळलं म्हणून फाईल चालेल असं नाही. एकाच मॉडेलच्या नावाखाली कंपन्या वेगवेगळ्या खेपांत वेगळी चिप घालतात. कॅमेऱ्याच्या पानावर आत्ता जे व्हर्जन आणि बिल्डची तारीख दिसते, त्याचा मोबाईलवर फोटो काढा आणि फाईल कंपनीच्या साईटवरून किंवा वितरकाकडून त्याच हार्डवेअरची घ्या. सेटिंग आधी एक्सपोर्ट करा. अपडेट वायरवरूनच, आणि कॅमेरा, स्विच, कॉम्प्युटर तिन्ही यूपीएसवर. आपल्याकडची लाईट अपडेट संपायची वाट बघत नाही. चारांतला एकच कॅमेरा करा, खोलीतला, आणि आठ दिवस बघा. नव्या व्हर्जनमध्ये ऑनव्हिफ मुळातच बंद आणि त्याचा यूजर वेगळा करायचा, असं असू शकतं. मग ‘अपडेट केलं आणि होता तेवढाही फोटो गेला’ अशी बोंब होते. सेटिंगमध्ये ते चालू केलं की परत येतं.

दुसरी गोष्ट, परदेशी बाजारासाठीच्या कॅमेऱ्यावर दुसऱ्या प्रदेशाचं फर्मवेअर. चिनी बाजारातला कॅमेरा स्वस्तात आला, मेनू चिनी, म्हणून त्यावर इंग्रजी फाईल. तुमचा कॅमेरे बसवणारा मुलगा बहुधा हेच म्हणतोय. कॅमेऱ्याच्या आत प्रदेशाचा शिक्का असतो. नवी फाईल तो तपासते आणि भाषा जुळत नाही म्हणून अडते, किंवा अर्ध्यात राहते. उदगीरच्या एका तेलमिलमध्ये मी स्वतः असे दोन कॅमेरे मारलेत. अनोळखी साईटवरची फाईल, दुपारची वेळ, कॅमेरा यूपीएसवर नाही. अपडेट साठ टक्क्यांवर असताना डीपीवरून लाईट गेली. एक जागीच गेला. दुसरा उठला, पण आयआर फिल्टर उलटा, दिवसा चित्र गुलाबी आणि रात्री काळोख. पैसे मी भरले. हिकव्हिजनच्या जुन्या मॉडेलांना टीएफटीपी या फाईल पाठवायच्या साध्या पद्धतीनं परत उठवता येतं. कॉम्प्युटरला १९२.०.०.१२८ हा पत्ता द्यायचा, कॅमेरा सुरू होताना १९२.०.०.६४ वरून फाईल मागतो. पण त्यालाही बरोबर प्रदेशाची मूळ फाईल लागते, आणि तीच हाताशी नसते.

तिसरी, खुलं फर्मवेअर, म्हणजे कंपनीबाहेरच्या मंडळींनी लिहिलेलं आणि कुणालाही वापरता येणारं. ओपनआयपीसी हे हायसिलिकॉन, गोके, सिग्मास्टार, इंजेनिक अशा चिपांवर चालतं, थिंगिनो फक्त इंजेनिकवर. मला ही मंडळी आवडतात. ज्या बिननावाच्या कॅमेऱ्याची कंपनी नाही, अपडेट नाही, फोटोची धड यूआरएल नाही, त्याला यांच्यामुळं साधा, सरळ स्नॅपशॉट मिळतो आणि परदेशातल्या सर्व्हरशी गुपचूप बोलणं बंद होतं. घरी टेबलावर जरूर करा. हंगामातल्या काट्यावर नको.

करायचंच असेल तर लेबल विसरा, झाकण उघडा. चिपवरचं नाव वाचा आणि सेन्सर कोणता ते बघा. सेन्सर चुकला की चित्रच येत नाही. फ्लॅश म्हणजे आठ पायांची छोटी चिप, डब्ल्यू२५क्यू६४ असं काही लिहिलेली. त्यातला ६४ हा मेगाबिटचा आकडा, म्हणजे ८ एमबी. काही लिहिण्याआधी तिची पूर्ण प्रत काढा. सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप वाचायचं-लिहायचं छोटं यंत्र) आणि क्लिप लावून वाचताना मी निदान दोनदा वाचतो आणि दोन्ही फायलींचा एमडी५, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, जुळवतो. चिप बोर्डावरच असताना क्लिपमधून आलेली वीज मुख्य चिपलाही जागं करते, दोघंही एकदम फ्लॅश वाचायला लागतात आणि प्रत भ्रष्ट होते. एकदा माझे तीन वेळचे तीन एमडी५ वेगळे आले होते. चिप उतरवून वाचली तेव्हा कुठं सलग दोन सारखे आले. त्या स्वस्त काळ्या प्रोग्रामरच्या काही खेपांत सिग्नलच्या तारांवर ३.३ ऐवजी ५ व्होल्ट निघतात, तेही मीटरनं बघून घ्या. त्या प्रतीतच कॅमेऱ्याचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची त्याची ओळख) आणि कंपनीची सेटिंगं असतात, ती गेली की मूळ रूपात परतणं नाही. नवं फर्मवेअर चढलं तरी आयआर फिल्टर आणि एलईडी कोणत्या पिनवर आहेत ते तुम्हालाच शोधून भरावं लागतं, आणि मालकांच्या मोबाईलवरचं जुनं अ‍ॅप त्या कॅमेऱ्यासाठी कायमचं बंद होतं. हे मालकांना आधी सांगा.

नवे कॅमेरे घेणार असाल तर एप्रिल २०२५ पासून देशात विकायच्या सीसीटीव्हीला सरकारी सुरक्षा निकषांची चाचणी लागते. बिलावर मॉडेल नंबर नीट लिहून घ्या, म्हणजे त्या मॉडेलची चाचणी झालीय का ते बघता येईल.

तुमच्यासाठी क्रम सांगतो. आज सॉफ्टवेअरवाल्याला फोन, जुनी फाईल पुसण्यासाठी. संध्याकाळी सहाला मागच्या प्लेटच्या कॅमेऱ्याला स्क्रिप्ट लावा आणि एका माणसाला मीटर घेऊन शिडीवर उभं करा. कट्ट आवाज यायच्या आधीचा आणि नंतरचा व्होल्टचा आकडा, स्क्रिप्टची फाईल आणि कॅमेऱ्याच्या व्हर्जनच्या पानाचा फोटो, एवढं इथं टाका. दुसरा आकडा साडेदहाच्या खाली असेल तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, सकाळी वायर आणायला गंजगोलाईच्या बाजारात जा.